परदेशातला बाजारहाट : घड्याळ नवं घ्यावं की वापरलेलं?



मागच्या महिन्यात जपानी सुऱ्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र बडोद्याहून, दांडिया बाजारातून आलं. एका काकूंनी लिहिलंय: "मुलगी नोकरीसाठी योकोहामाला आहे. यंदा ह्यांची एकसष्टी. तिला साठवलेल्या बोनसमधून वडिलांना भारी घड्याळ द्यायचंय. तिकडे वापरलेली घड्याळं चांगली आणि स्वस्त मिळतात म्हणे. घेऊ द्यावं का? फसणार तर नाही ना पोरगी?"

काकू, तुमच्या पत्रात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, पोरगी फसेल का? दुसरा तुम्ही विचारलेला नाही, पण ओळींमधून दिसतो: एवढे पैसे घालून आणलेलं घड्याळ हे घालतील का? दोन्हींची उत्तरं देते. दुबई, सिंगापूर, लंडन कुठेही राहत असलात तरी यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल. फक्त कायदे आणि कर त्या-त्या देशाचे बघा.

जपानचंच एवढं नाव का?

किन्तारो हात्तोरी यांनी १८८१ साली तोक्योत घड्याळांचं दुकान काढलं. तीच पुढे सेको कंपनी झाली. गिंझाच्या चौकात वाकोची इमारत आहे, १९३२ सालची. तिच्यावरचं घड्याळ म्हणजे तोक्योकरांसाठी आपल्या रावपुऱ्याच्या टॉवरसारखं. "वाकोच्या खाली भेटू" म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही.

पण जुन्या घड्याळांचा बाजार इथे भरवशाचा मानला जातो, त्याचं कारण कायद्यात आहे. वापरलेल्या वस्तू विकायला पोलीस खात्यामार्फत परवाना लागतो. दुकानात निळसर पाटीवर पांढऱ्या अक्षरांत परवान्याचा क्रमांक लावावा लागतो. दहा हजार येन किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू दुकानदार विकत घेतो, तेव्हा विकणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवावी लागते. त्यामुळे चोरीचा माल खपवणं अवघड जातं. शिवाय इथे गहाणवटीची दुकानं जुनी आहेत, त्यांना 'शिचिया' म्हणतात. गहाण सोडवलं नाही की वस्तू विक्रीला येते. त्यामुळे घड्याळ पारखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत.

तोक्योतलं नाकानो ब्रॉडवे नावाचं संकुल १९६६ साली उघडलं. तिथे चित्रकथांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या मधोमध घड्याळांची दुकानं आहेत. २०२४ मध्ये येन घसरून डॉलरला १६० च्या पार गेला, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांनी ती गजबजून गेली होती.

चार दारं

घड्याळ चार ठिकाणांहून घेता येतं, आणि चारही ठिकाणचे हिशोब वेगळे.

पहिलं दार कंपनीच्या अधिकृत दुकानाचं. किंमत पूर्ण, पण हमीपत्रावर तुमचं घड्याळ, त्याचा क्रमांक आणि तारीख. रोलेक्स आणि ओमेगा पाच वर्षांची हमी देतात. अडचण एवढीच की रोलेक्सची काही मॉडेलं मागणी करून लगेच मिळत नाहीत, नाव नोंदवून वाट बघावी लागते.

दुसरं दार समांतर आयातीचं. अधिकृत साखळीबाहेरचा दुकानदार दुसऱ्या देशातून नवीन घड्याळ आणून विकतो. हे बेकायदेशीर नाही, मालही अस्सल असू शकतो. पण हमीपत्रावर दुसऱ्या देशातल्या दुकानाचं नाव आणि जुनी तारीख असते, म्हणजे हमीची काही वर्षं आधीच संपलेली असतात. मागणी जास्त असलेलं मॉडेल इथे कंपनीच्या किमतीपेक्षा महागही मिळतं. 'नवीन' आणि 'न वापरलेलं' हे इथे दोन वेगळे शब्द आहेत. न वापरलेलं म्हणजे कुणीतरी आधी विकत घेतलेलं, पण मनगटावर न चढवलेलं.

तिसरं दार परवानाधारक जुन्या घड्याळांच्या दुकानाचं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. आता कंपन्याही या धंद्यात उतरल्या आहेत. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतः तपासलेली वापरलेली घड्याळं निवडक दुकानांतून दोन वर्षांच्या हमीवर विकायला सुरुवात केली. किंमत चढी, पण खऱ्याखोट्याची चिंता उरत नाही.

चौथं दार मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीचं आणि लिलावाचं. इथे विकणारा कुणीही असू शकतो. वर्णनात 'जंक' लिहिलं असेल तर घड्याळ बंद आहे किंवा चालतं की नाही याची खात्री नाही, असं समजायचं. 'तक्रार नाही, परत घेणं नाही' असं लिहिलं असेल तर तेही अक्षरशः खरं धरायचं. पहिल्यांदा घेणाऱ्याने या दारातून आत शिरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात काय बघायचं?

जपानी दुकानात प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी असते. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक, अवस्थेचा दर्जा, सोबत काय-काय मिळणार आणि दुकानाची हमी किती, हे लिहिलेलं असतं. दर्जा ए, एबी, बी अशा अक्षरांत असतो, पण तो त्या दुकानाने स्वतः ठरवलेला असतो. एका दुकानाचा 'ए' म्हणजे दुसऱ्याचा 'एबी' असू शकतो. म्हणून अक्षर वाचून थांबू नका. घड्याळ हातात घ्या आणि पुढच्या गोष्टी विचारा.

कागद : मूळ हमीपत्र आहे का? त्यावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी जुळतो का? डबा नसला तरी चालेल, कागद नसेल तर किंमत कमी हवी.

सर्व्हिसिंग : 'ओव्हरहॉल झालं' म्हणजे कधी, कुणी केलं, पावती आहे का? यांत्रिक घड्याळातलं तेल वाळतं, म्हणून साधारण पाच ते सात वर्षांनी ते पूर्ण उघडून साफ करावं लागतं. रोलेक्स आपल्या नव्या घड्याळांना सुमारे दहा वर्षं सांगते. हा खर्च किमतीतच धरायचा. समजा चार लाख येनांचं घड्याळ घेतलं आणि दर वेळी सर्व्हिसिंगला साठ हजार लागले, तर वीस वर्षांत तीन वेळा मिळून एक लाख ऐंशी हजार होतात. म्हणजे घड्याळ जवळजवळ सहा लाखांना पडलं.

तबकडी : मूळ आहे की पुन्हा रंगवलेली? अक्षरांच्या कडा भिंगातून बघा. फुटलेल्या, जाड-बारीक दिसल्या तर शंका घ्या.

घासणी : ओरखडे काढायला घड्याळ पॉलिश करतात. वारंवार केलं की पट्टा जोडतो तिथल्या कडा गुळगुळीत, साबणाच्या वडीसारख्या होतात. घासलेला धातू परत येत नाही. मला थोडे ओरखडे असलेलं, न घासलेलं घड्याळ जास्त पटतं.

कड्या : धातूच्या पट्ट्यातल्या कड्या आधीच्या मालकाने काढलेल्या असतात. वडिलांच्या मनगटाचा घेर सुतळीने मोजून मागवून घ्या. सुट्या कड्या नंतर घ्यायला गेलात तर किंमत ऐकून धक्का बसेल.

चाल : दुकानात यंत्रावर मोजून दाखवतात, संकोच न करता सांगा. एखादं घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे जात असेल तर अनेकदा ते फक्त चुंबकाच्या संपर्कात आलेलं असतं, आणि ते मिनिटाभरात ठीक होतं.

आणि पाणी : तबकडीवर शंभर मीटर लिहिलं असलं, तरी ते रबर नवीन असतानाचं. जुनं घड्याळ तपासून घेतल्याशिवाय पावसात नेऊ नका.

कर आणि कस्टम

जपानमध्ये दहा टक्के उपभोग कर आहे. पर्यटकांना तो माफ होतो किंवा परत मिळतो. नोकरीसाठी इथे राहणाऱ्यांना नाही. तेव्हा काकू, मुलीच्या बोनसमधून मुलीने घेतलं तर कर भरावाच लागेल. तुम्ही दोघं फिरायला आलात आणि काकांनी स्वतःच्या पासपोर्टावर घेऊन बरोबर नेलं, तर गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर २०२६ पासून पर्यटकांनीही आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा, अशी पद्धत ठरली आहे.

भारतात उतरताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे, स्वतःचे वापरातले सामान आणि भेट म्हणून आणलेलं नवं-जुनं घड्याळ यात फरक आहे. 'हातात घालून आलं की काही होत नाही' हा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. कस्टमवाल्यांसमोर उभं राहायला ते येत नाहीत. माफीची मर्यादा आणि शुल्काचा दर वेळोवेळी बदलतो, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर बघून घ्या, पावती जवळ ठेवा आणि किंमत मर्यादेबाहेर असेल तर लाल मार्गाने जा. टपालाने पाठवायचा विचार असेल तर तिथेही सुटका नाही. राखीसारखे अपवाद सोडले तर भेटवस्तूंची जुनी सवलत २०१९ च्या डिसेंबरमध्ये काढून घेतली गेली.

उलट बाजूनेही काळजी घ्या. घरचं भारी घड्याळ घालून भारतातून बाहेर जाणार असाल, तर निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना 'हे आमचंच' हे सिद्ध करायला तेवढा कागद पुरतो. जपानमध्ये राहणाऱ्यांसाठीही परदेशी बनावटीच्या वस्तू बाहेर नेताना नोंदवण्याचा असाच एक अर्ज आहे.

गुंतवणूक म्हणून?

तरुण वाचकांपैकी काहींना हा प्रश्न पडतो. २०२२ च्या सुरुवातीला काही मोजक्या मॉडेलांचे भाव आकाशाला भिडले होते आणि त्यानंतर ते घसरले. त्या काळात हप्त्यांवर घेणाऱ्यांचे हप्ते मात्र घसरले नाहीत. इथे तर लोकांकडून भारी घड्याळं ठेवून घेऊन, ती भाड्याने देऊन मालकांना दरमहा पैसे देणारी एक सेवा होती. २०२४ च्या जानेवारीअखेर ती एकाएकी बंद झाली आणि शेकडो घड्याळं मालकांना परत मिळाली नाहीत. बहुतेक घड्याळं दुकानाबाहेर पडताच उतरतात. हे सोनं नव्हे. आवडलं, परवडलं आणि वापरणार असाल तर घ्या. एवढं कारण पुरेसं आहे.

आता काकांचं घड्याळ

काकूंनी पत्रात लिहिलंय की काका अजून त्यांच्या वडिलांचं एचएमटी जनता वापरतात आणि रोज सकाळी चहाआधी चावी देतात. माझ्या मते उत्तर या ओळीतच आहे.

बंगळुरूला १९६१ साली एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली, ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. म्हणजे काकांच्या मनगटावर जपान आधीच आहे. मुलीने आधी त्या जनताचं सर्व्हिसिंग करून द्यावं. पण चांगल्या कारागिराकडे, आणि 'तबकडी रंगवू नका' असं बजावून. आपल्याकडे जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगात नव्याने छापून विकतात. त्याला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. आजोबांच्या घड्याळाचं तसं व्हायला नको.

नवीन द्यायचंच असेल तर आपोआप चावी भरणारं, म्हणजे ऑटोमॅटिक, टाळा. ते हाताच्या हालचालीवर चालतं. दोन-तीन दिवस कपाटात राहिलं की थांबतं, आणि निवृत्त माणसाला दर वेळी तारीख लावत बसावं लागतं. रेडिओवरून वेळ जुळवणारंही नको, त्या जपानी लहरी बडोद्यापर्यंत पोहोचत नाहीत. वार दाखवणारं असेल तर तो कांजी अक्षरांत नाही ना, हेही बघा.

त्यापेक्षा ग्रँड सेकोचं वापरलेलं क्वार्ट्झ बघावं. वर्षाला दहा सेकंदांच्या आत-बाहेर चालतं, तारीख आणि काटे स्पष्ट दिसतात आणि नव्यापेक्षा बरंच कमी किमतीत मिळतं. सदतीस मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. जनताची सवय असलेल्या हाताला त्याहून मोठं ओझं वाटेल.

आणि काकू, किंमत काकांना सांगायची की नाही हे मायलेकींनी ठरवा, पण घड्याळ असं निवडा की किंमत कळली तरी ते भाजी आणायला जाताना हातावर राहील. आपल्याकडे भेट मिळालेली भारी वस्तू लॉकरमध्ये ठेवायची रीत आहे. तीन महिन्यांच्या बचतीचं घड्याळ लॉकरमध्ये गेलं, तर मुलीने दिलं काय आणि न दिलं काय. दुकानात जाण्याआधी तिने बाबांना फोन करून सहज एवढंच विचारावं: "बाबा, आजोबांच्या घड्याळात तुम्हाला काय आवडतं?" जे उत्तर येईल, ते कागदावर लिहून दुकानात न्यावं.

काकांना एकसष्टीच्या आगाऊ शुभेच्छा. घड्याळ कोणतं घेतलं ते कळवा, आणि पुढच्या अंकासाठी तुमचे प्रश्न पाठवत राहा.