नकाशावरची रेघ आणि पाठीवरचे ओझे

पक्ष्याच्या अंगावर उपग्रहाला संदेश धाडणारे यंत्र बसवले, की त्याचा प्रवास जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचतो, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ झाली आहे. साहित्याच्या वर्गात निवेदकाच्या तटस्थतेवर तासन्‌तास शंका घेणारे आपण, नकाशावरची लाल रेघ दिसताच निःशंक होतो. या भाबडेपणाची किंमत मात्र पक्षी मोजतो.

दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे द्वीपसमूहावर संशोधकांनी 100 किंग पेंग्विनांचा दहा वर्षे अभ्यास केला. सर्वांच्या त्वचेखाली ओळखचिप होती. निम्म्यांच्या पंखाला शिवाय कडे होते. 2011 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कडेवाल्यांना 39 टक्के कमी पिल्ले झाली, त्यांच्या जगण्याचे प्रमाण 16 टक्क्यांनी घटले. विणीसाठी ते उशिरा पोहोचत, अन्नासाठी समुद्रात अधिक काळ राहत. ‘पक्षी सरावतो’ हे नेहमीचे समर्थन तिथेच निकालात निघाले. अशाच कडेवाल्या पेंग्विनांवरून हवामानबदलाचे परिणाम मोजले जात होते. म्हणजे जखम करणाऱ्यानेच जखमेचे कारण अन्यत्र शोधावे, तसा हा प्रकार.

2007 साली ‘ई-7’ ही गॉडविट मादी अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत सुमारे 11,680 किलोमीटर न थांबता उडाली. तिच्या उदरपोकळीत शस्त्रक्रियेने यंत्र बसवले होते. आपल्या स्मरणात विक्रम राहिला, शस्त्रक्रिया राहिली नाही. शिवाय विक्रम सांगतात ते पोहोचलेले पक्षी. ज्यांचा संदेश वाटेत थांबतो, त्यांचे यंत्र बंद पडले की प्राण गेला, हे बहुधा कळतच नाही. अशा मौनाला आपण ‘संपर्क तुटला’ असे सोज्वळ नाव देतो.

यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या 3 किंवा 5 टक्क्यांहून कमी असावे, या संकेताचा आधार घेतला जातो. पण पट्ट्याचे घासणे आणि वाऱ्यापाण्याचा अवरोध तराजूत मावत नाहीत. पेंग्विनाचे कडे वजनाने नगण्यच होते.

यावर नागालँडचे उदाहरण पुढे केले जाईल. 2012 साली दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाण्यांची प्रचंड कत्तल झाली. 2013 साली तीन ससाण्यांवर यंत्रे बसवली गेली, त्यांना ‘नागा’, ‘वोखा’, ‘पांगती’ अशी स्थानिक नावे मिळाली, आणि ज्या गावांत शिकार होत होती तिथे या प्रवाशांविषयी आपुलकी वाढली. हे मोल निर्विवाद आहे. परंतु मोल आहे म्हणून मूल्य विचारूच नये, हा कुठला न्याय? उलट, हेतू जितका उदात्त, तितका हिशेब चोख हवा.

तेव्हा मागणी बंदीची नाही, प्रामाणिक निवेदनाची आहे. यंत्र न लावलेल्या पक्ष्यांशी तुलना केल्याविना ‘निरुपद्रवी’ हा शब्द वापरू नये. मूक झालेल्यांची संख्या विक्रमाच्या शेजारीच छापावी. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्राविना मिळू शकते, त्यासाठी पक्ष्याला हात लावू नये. आपण आत्मचरित्र म्हणून वाचतो तो मजकूर वस्तुतः ओझे लादलेल्या साक्षीदाराची जबानी आहे. ती तशीच वाचली पाहिजे.