चाकाखाली गेलेला ठसा

जुना पाइप हाती आला की बहुतेक हौशी माणसं आधी तो उजळायला घेतात. वाटीचा जळका काठ पॉलिशपेपरनं घासायचा, लाकडी दांडी फिरत्या चाकावर धरून तिला मेणाची झिलई द्यायची, तोंडात धरायच्या काळ्या नळीवरचा हिरवट-तपकिरी थर काढून टाकायचा. तासाभरात सत्तर-ऐंशी वर्षांची वस्तू कालच दुकानातून आणल्यासारखी दिसू लागते. माझं म्हणणं असं की, ही वस्तू कुणी केली, कुठे केली आणि कधी केली हे सांगणारा पुरावा बहुतेक वेळा याच तासाभरात नाहीसा होतो. चिंचेनं घासून लख्ख केलेली शिवराई जाणता नाणेसंग्राहक बाजूला सारतो, कारण तांब्यावर चढलेल्या जुन्या रंगाबरोबर अक्षरांच्या कडाही गेलेल्या असतात. पाइपच्या संग्रहात ही शिस्त अजून तेवढी रुजलेली नाही. ती रुजली पाहिजे.

जुन्या इंग्रजी पाइपांतले बरेचसे ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या मुळाशी जमिनीत एक कठीण गाठ धरते, ती उष्णता सोसते आणि सहजी जळत नाही. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गाठीचे पाइप करायला घेतले, आणि पुढे लंडन-डब्लिनचे कारखानेही याच लाकडावर चालले. करणाऱ्याचं नाव, आकाराचा क्रमांक, देशाचं नाव हे सगळं दांडीच्या अंगावर ठशानं दाबलेलं असतं. तो ठसा फार उथळ असतो. समोरून उजेड पडला तर तिथं काही लिहिलंय हेही कळत नाही. दिवा एका अंगाला तिरपा धरावा लागतो आणि दांडी भिंगाखाली सावकाश फिरवावी लागते, तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ती वाचता येतात. आल्फ्रेड डनहिल यांचंच उदाहरण घेऊ. १९०७ साली त्यांनी लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि काही वर्षांतच स्वतःचे पाइप करायला सुरुवात केली. १९१५ पासून त्यांच्या नळीवर पांढरा ठिपका येऊ लागला, तो मुळात नळीची वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून. लोक आज हा ठिपका बघून पाइप ओळखतात. साल मात्र दुसरीकडेच लपलेलं असतं. १९२० च्या दशकापासून ‘मेड इन इंग्लंड’मधल्या शेवटच्या ‘डी’च्या खांद्यावर एक बारीक आकडा ठोकलेला दिसतो. तो सालाची खूण. समजा ४ आहे, तर साल १९२४ की १९४४? हे त्या आकड्यावरून कळत नाही. पेटंटचा क्रमांक, अक्षरांची ठेवण, लाकडावर दिलेला रंग हे सगळं शेजारी मांडून ठरवावं लागतं. तिळाएवढा तो आकडा आणि धूसर झालेला पेटंट क्रमांक चाकाला जरा जास्त टेकले की पाइपचं वय कायमचं गेलं. ठिपका तेवढा शिल्लक राहतो, आणि ठिपका तर कुठल्याही नळीला बसवता येतो.

दांडी आणि नळी जिथं जुळतात तिथं पुष्कळदा चांदीचा पट्टा असतो. इंग्लंडमध्ये चांदी तपासून तिच्यावर शिक्के मारण्याची पद्धत फार जुनी. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टर. चेस्टरची कचेरी १९६२ साली बंद झाली, म्हणजे तो शिक्का त्यापुढचा असूच शकत नाही. शेजारी सालाचं अक्षर असतं. लंडनमध्ये वीस अक्षरांचं चक्र चालायचं, त्यामुळे तेच अक्षर वीस वर्षांनी पुन्हा यायचं. ते कोणत्या फेरीतलं, हे अक्षराच्या वळणावरून आणि भोवतीच्या ढालीच्या आकारावरून ओळखायचं. चांदी घासून घासून नेमकी ढालीची कडाच गुळगुळीत होते. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, की पट्टा साक्ष देतो ती फक्त स्वतःची. दांडीला तडा गेला की मागाहून पट्टा चढवून ती सावरण्याची रीत होती. लाकडावरच्या ठशाची अर्धी अक्षरं पट्ट्याखाली गेली असतील तर पट्टा नंतर आला हे उघड आहे, मग त्याच्यावरचं साल कितीही सुरेख वाचता येवो. डब्लिनच्या पीटरसनच्या पाइपांवर देशाच्या इतिहासाचाच ठसा आहे. ‘आयरिश फ्री स्टेट’ हे शब्द १९२२ नंतरचे, ‘आयर’ हे १९३७ च्या राज्यघटनेनंतरचं, आणि पुढे ‘रिपब्लिक’. पण कारखान्यातला जुना ठसा राजवट बदलली त्याच दिवशी फेकून दिला जात नाही, म्हणून या तारखाही साधारण कुंपणासारख्याच धराव्यात.

नळीच्या बाबतीत बाजारात सर्वांत जास्त फसगत होते. काळी नळी बहुधा गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची असते. प्रकाशानं आणि हवेनं ती हिरवट पडते. हा दोष वाटला तरी ती रबराची आहे याचीच ती खूण. पिवळी-तांबूस नळी मात्र सर्रास ‘अंबर’ म्हणून विकली जाते. खऱ्या अंबरचा तुकडा मिठाच्या घट्ट द्रावणात तरंगतो आणि बेकलाइट बुडतं. बेकलाइट १९०७ साली लिओ बेकेलँड यांनी शोधलं, तेव्हा मूळ नळी त्याची निघाली तर पाइप एकोणिसाव्या शतकातला असण्याची गोष्टच संपली. उलट बाजूनं मात्र घाई करू नये. काही प्लास्टिकं आणि झाडांचे इतर डिंकही तरंगतात. बुडणं ठाम सांगतं, तरंगणं फक्त शक्यता दाखवतं.

एकट्या साक्षीवर विसंबायचं नाही, हा धडा पाइपच्या अभ्यासात मातीच्या पाइपांनी दिला. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पांढऱ्या मातीचे स्वस्त पाइप मोडत आणि फेकले जात, आणि अमेरिकेतल्या वसाहतींच्या जागी खणलं की त्यांचे तुकडे ढिगानं निघतात. पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली दाखवलं की नळीचं भोक काळाबरोबर बारीक होत गेलं: सतराव्या शतकाच्या आरंभी इंचाचे नऊ-चौसष्टांश, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार-चौसष्टांश. पुढे लुईस बिनफर्ड यांनी त्यावरून सरासरी सालाचं सूत्रच बांधलं. एका तुकड्याला हे सूत्र लावलं तर ते हमखास चुकवतं, तुकड्यांचा मोठा साठा असला तरच चालतं, तेही त्याच काळापुरतं. मला यात विशेष वाटतं ते हे, की ज्याला कुणी दहा रुपये देणार नाही अशा मोडक्या, न धुतलेल्या तुकड्यानं एका वस्तीचं वय सांगितलं. तो कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात सापडला हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

यावर पहिला आक्षेप तंबाखूचाच येईल, आणि तो हलका नाही. भारतात तंबाखूमुळे वर्षाला तेरा लाखांहून अधिक माणसं मरतात. अशा वस्तूचे लाड कशाला? पण पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते जपले आहेत ते काही सुपारी खावी म्हणून नव्हे. माणसं ज्या सवयींत जगली त्यांची हत्यारं नीट ओळखून ठेवणं म्हणजे त्या सवयीची तरफदारी नव्हे. पाइप ओढायला मी कुणालाही सांगणार नाही. ओढण्यासाठी नसेल तर तो नवा दिसण्याची गरजही राहत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: गिऱ्हाईक चकाकीला पैसे देतं. देतं खरं, पण ठसा वाचणारं गिऱ्हाईक जास्त देतं, आणि पुसट ठशाच्या पाइपला तेच हात लावत नाही. तिसरा स्वच्छतेचा, आणि तो रास्तच आहे. परक्याच्या तोंडात गेलेली नळी धुवायलाच हवी, वाटीतली जुनी काजळी थोडी खरवडायला हरकत नाही, आतल्या भोकात अल्कोहोलनं ओली केलेली पाइप साफ करायची काडी फिरवावी. हे सगळं आतून होतं. बाहेर हात लावण्याआधी दांडीची दोन्ही अंगं, पट्ट्याचे शिक्के आणि नळीचं टोक तिरप्या उजेडात टिपून ठेवावं, आणि चाक लावायचंच असेल तर ठशाच्या जागेवर आधी कागदी चिकटपट्टी दाबून बसवावी. ती शेवटी सावकाश काढायची, म्हणजे दांडीवर मध्येच एक फिकट, न उजळलेला पट्टा राहतो. तो तसाच राहू द्यावा.