बोटीवरची खोली निवडताना

थकलेल्या आई-वडिलांना एकदा समुद्रावर फिरवून आणावे, असे आता नोकरीला लागलेली आपली मुलेमुली म्हणू लागली आहेत. २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाची सहलीची बोट सुटू लागली आणि कोल्हापूरकरांना ती महालक्ष्मी एक्सप्रेसच्या एका रात्रीवर आली. खर्च मात्र मोठा. म्हणून भगिनींनो, खोली घेताना घाई नको.

सर्वांत स्वस्त ती आतली खोली. तिला खिडकी नसते. उजाडले तरी आत रात्रच! तरण्या जोडप्याचे तिथे भागते, ते दिवसभर डेकवरच असतात. पण म्हातारी माणसे खोलीतच जास्त बसतात. त्यांना आतली खोली देऊन पैसे वाचवणे आम्हांस पटत नाही. निदान खिडकीची तरी घ्यावी. ही खिडकी उघडत नाही, काचेतून फक्त समुद्र दिसतो. वारा हवा तर बाल्कनी, आणि तिचे पैसे आणखी.

आंबा घाटात एस.टी.च्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला विचारा, पोटात काय होते ते. बोटीचेही तसेच. टोकांना हेलकावे जास्त, मधोमध आणि खालच्या मजल्यावर कमी. गाडी लागणाऱ्यांनी तशीच खोली मागावी. लिफ्ट जवळ हवी, डोक्यावर नाचगाण्याचा हॉल नको. चौघांच्या खोलीत वरच्या बिछान्यावर शिडीने चढावे लागते, तो गुडघेदुखीच्या आजीच्या वाट्याला येऊ नये.

दर बहुधा माणशी सांगतात, तोही एका खोलीत दोघे धरून. एकट्या बाईला जास्त पडतात. करांसह एकूण आकडा आधी कागदावर घ्यावा.