भाषा ग्राहकाची की सर्कलची?

कित्तूर म्हटले की राणी चन्नम्मा आठवते. त्याच कित्तूरला भारताच्या दूरसंचाराच्या इतिहासातही एक मानाचे स्थान आहे, आणि ते बेळगाव जिल्ह्यातल्या लोकांनाही फारसे ठाऊक नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संशोधन संस्था स्थापन केली. त्या काळची परदेशी बनावटीची टेलिफोन केंद्रे वातानुकूलित खोलीत नांदणारी. आपल्या खेड्यांत मात्र धूळ, उकाडा आणि बेभरवशाची वीज. या परिस्थितीत तग धरील असे १२८ लाइनचे छोटे ग्रामीण स्वयंचलित केंद्र या संस्थेच्या अभियंत्यांनी घडविले, आणि त्यांतले पहिले जुलै १९८६ मध्ये कित्तूरला सुरू झाले. यंत्राने गावाच्या हवेला जुळवून घ्यावे, गावाने यंत्रासाठी थंड खोली बांधायची नाही, हा त्यामागचा विचार होता.

हवेच्या बाबतीत जो विचार झाला, तो भाषेच्या बाबतीत झाला नाही, असे आमचे मत आहे. बेळगाव-निपाणी-खानापूरचा, इंदूर-ग्वाल्हेरचा, वडोदऱ्याचा आणि हैदराबादचा मराठी ग्राहक त्याची किंमत रोज मोजतो. ती इतकी किरकोळ वाटते की तिची तक्रार करण्याचाही संकोच व्हावा. तरीही ती मांडणे आवश्यक आहे.

या क्षेत्राची वाढ डोळे दिपविणारी आहे, यात शंका नाही. १९९१ साली सुमारे ८४ कोटींच्या देशात टेलिफोन होते जेमतेम ५० लाख. जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीस सुखरामांना मोबाइल फोन केला. त्या वेळी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, ते २००३ मध्ये थांबले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि आज देशातील जोडण्या ११५ कोटींच्या पुढे गेल्या आहेत. एवढ्या थोड्या काळात एवढ्या लोकांच्या हाती एखादे साधन क्वचितच पोहोचले असेल. पण ते ज्या वाटेने पोहोचले, ती वाट राज्यांच्या नकाशावरून आखली गेली.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर खाजगी कंपन्यांना परवाने द्यायचे, तर देशाचे तुकडे पाडणे भाग होते. चार महानगरे वेगळी झाली आणि उरलेला देश दूरसंचार खात्याच्या परिमंडळांप्रमाणे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'सर्कल'प्रमाणे, वाटला गेला. ही सर्कले बहुतांशी राज्यांवर बेतलेली. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की ती राज्यांशी तंतोतंत जुळतही नाहीत. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे. मुंबई महाराष्ट्राबाहेर, स्वतंत्र. छत्तीसगड २००० साली वेगळे राज्य झाले, तरी सर्कल मध्य प्रदेशचेच राहिले. २०१४ नंतर तेलंगणाचेही आंध्रच्या बाबतीत तेच. याचा अर्थ सर्कल ही परवाना व महसूल यांच्या सोयीसाठी काढलेली रेषा आहे.

जुन्या टेलिफोनचा नकाशा निराळा होता. बेळगावचा एसटीडी क्रमांक ०८३१ आणि गोव्याचा ०८३२, म्हणजे शेजारी शेजारी. कोल्हापूर मात्र ०२३१. तारांच्या हिशेबात पणजी बेळगावच्या पंक्तीला बसली होती, मोबाइलच्या हिशेबात ती पुण्या-नागपूरबरोबर गेली. जुना टेलिफोन दर ठरविताना प्रामुख्याने अंतर पाही. मोबाइल आला आणि राज्याची हद्द मोजली जाऊ लागली: बेळगावहून पाचशे किलोमीटरवरच्या बंगळूरला केलेला फोन सर्कलमधला, तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला केलेला सर्कलबाहेरचा. ज्यांच्या लेकी चंदगड-गडहिंग्लजला दिल्या आहेत आणि ज्यांचे व्याही कागलला आहेत, त्यांना या हिशेबाचा अर्थ वेगळा सांगायला नको. हद्दीलगतच्या गावात तर घराच्या ओसरीवर एका राज्याचा टॉवर आणि परसदारी दुसऱ्या राज्याचा. जागचे न हलता रोमिंग लागे. नोकरीनिमित्त निपाणीहून कोल्हापूरला गेलेल्या माणसाला जुना क्रमांक राखून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली ती जुलै २०१५ मध्ये. त्याआधी, २०११ पासून, ती सर्कलच्या आतच होती.

पैशांचा हा प्रश्न आता सुटला आहे. एकाच दरात देशभर बोलता येते, रोमिंग हा शब्द तरुणांना आठवणारही नाही. सर्कलची भिंत दरांमधून पडली. ती भाषेमध्ये मात्र तशीच उभी राहिली, आणि आमचा मुद्दा एवढाच आहे.

कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावावा. पहिला प्रश्न भाषेचा येतो. आमच्या भागात वर्षानुवर्षे ऐकू येत आलेले पर्याय कन्नड, इंग्रजी आणि हिंदी असे आहेत. क्रम बदलतो, मराठी त्यात क्वचितच येते. कोणा एका कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण पद्धत सर्वांची एकच आहे: क्रमांक ज्या सर्कलचा, भाषा त्या सर्कलची. मग खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची, मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली आजी रिचार्ज का संपला हे विचारायला शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बोलावते. आपला क्रमांक, आपली शिल्लक आणि अनेकदा बँकेतून आलेला गुप्त अंकही ती त्याच्या हवाली करते. तो मुलगा भला असतो, म्हणून चालते. फसवणुकीचे फोन करणारे मात्र मराठीत बोलतात! त्यांना ग्राहकाची भाषा बरोबर ठाऊक असते.

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे २० लाखांहून अधिक होते, मध्य प्रदेशात १२ लाखांच्या घरात आणि गुजरातेत ९ लाखांच्या वर. एवढे ग्राहक कोणत्याही व्यापाऱ्याला लहान वाटू नयेत. ते लहान ठरतात, कारण सर्कलच्या एकूण बेरजेत त्यांची टक्केवारी काढली जाते. कर्नाटकच्या बेरजेत मराठी तीन-साडेतीन टक्के भरते. निपाणी किंवा खानापूरच्या टॉवरखाली किती भरेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

येथे कन्नडशी स्पर्धा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. महाराष्ट्र सर्कलमधील अक्कलकोट-जतच्या कन्नडभाषकाची आणि सोलापूरच्या तेलुगू विणकराची अडचण हुबेहूब हीच आहे. गोव्याची तर आणखी वेगळी. सर्कल महाराष्ट्राचे असल्याने तेथे मराठीची सोय झाली असेल, पण कोंकणी त्या राज्याची राजभाषा आहे आणि तिची आठवण किती कंपन्यांना राहिली, हे गोवेकरांनीच सांगावे. रेषेच्या कोणत्या बाजूला कोण उभा आहे एवढाच फरक. नियम एकच, आणि तो सर्वांनाच गैरसोयीचा.

असे का झाले? आमच्या मते याचे एक कारण माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या घडणीत आहे. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळूरला आली, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांची योजना सुरू झाली आणि हा उद्योग निर्यातीवर पोसला गेला. परदेशी ग्राहकाची भाषा, त्याची तारीख लिहिण्याची पद्धत, त्याचे चलनचिन्ह यांचा बारकाईने विचार करण्यात आपले अभियंते निष्णात झाले. त्यांच्यात आमच्या बेळगावची मुलेही पुष्कळ आहेत. घरच्या ग्राहकासाठी तीच मेहनत घेण्याचे पैसे कोणी देत नव्हते, म्हणून ती झाली नाही. अपवाद होते, आणि ते मोठे होते: कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिपींचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविले आणि १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक ठरले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच परंपरेतून आलेली आहे.

तरी त्या देवनागरीतही मराठीला आपली जागा मागून घ्यावी लागली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र चढवून काम भागवावे लागे आणि पुष्कळ फोनवर तो चंद्र शेजारी गळून पडे. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द आहेत, हे पुष्कळ कळफलकांना बराच काळ मान्य नव्हते. हिंदीची देवनागरी झाली म्हणजे मराठीचे भागले, असे धरून चालण्याची सवय तेथून लागली.

लघुसंदेशाचा हिशेब तर प्रत्येकाने ऐकण्यासारखा आहे. रोमन लिपीतील एसएमएसमध्ये १६० अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी यांची गणती वेगळी, म्हणजे 'किती' या दोन अक्षरांच्या शब्दाला चार घरे लागतात. एसएमएसला पैसे पडत त्या काळात मराठीत लिहिणे म्हणजे एका निरोपाचे दोन-तीनदा पैसे देणे होते. आपली मुले 'kay karto' हे रोमनमध्ये लिहू लागली, त्याला इंग्रजी शाळांइतकाच हा दरही कारणीभूत असावा असे आम्हांस वाटते. पुढे आंतरराष्ट्रीय मानकात भाषावार तक्ते समाविष्ट झाले, ज्यांच्या आधारे एका संदेशात दुपटीच्या आसपास मजकूर बसू शकतो. त्या यादीत हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, उडिया, पंजाबी आणि उर्दू आहेत. मराठी नाही. लिपी एकच म्हणून हिंदीच्या तक्त्यावर आपली सोय होईल, असे कोणी म्हणेल; पण फोनच्या यादीत नाव नसलेली भाषा विक्रेत्याच्या हिशेबातही नसते.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि टंकनासाठी इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एक भारतीय भाषा असली पाहिजे. निर्णय स्वागतार्ह होता. ती 'आणखी एक' कोणती, हे मात्र उत्पादकावर सोडले. स्मार्टफोनवर आज मराठी मिळते आणि चांगली मिळते. साधा बटनांचा फोन वापरणाऱ्याचे नशीब दुकानात ठरते.

घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. तो शासनापुरता आहे. खाजगी कंपनीला तो लागू करता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु १९५० साली गाऱ्हाणे म्हणजे कचेरीत दिलेला अर्ज असे. आज रेशन, पेन्शन, पीकविमा आणि बँक यांची गाऱ्हाणी फोनमधूनच सुरू होतात.

सर्वांत गंभीर बाब सावधगिरीच्या सूचनांची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांनी शिरोळपासून चिकोडी-निपाणीपर्यंत गावे पाण्याखाली घातली. पाण्याने सर्कल पाहिले नाही. त्यानंतर, २०२३ मध्ये, मोठा आवाज करून पडद्यावर झळकणारे आपत्तीचे चाचणी-संदेश सर्वांनी पाहिले. ही यंत्रणा सी-डॉटने विकसित केलेली आहे, कित्तूरला पहिले केंद्र उभारणाऱ्या त्याच संस्थेने. हा संदेश क्रमांक पाहून जात नाही. टॉवरच्या कक्षेत जे जे फोन असतील त्या सर्वांना एकदम जातो, आणि एकाच टॉवरवरून तो अनेक भाषांत सोडता येतो. तेव्हा निपाणीच्या टॉवरवरून कन्नड, मराठी आणि इंग्रजी, शिरोळच्या टॉवरवरून मराठी आणि कन्नड, अशी व्यवस्था करण्यास नवे यंत्र लागत नाही. त्या टॉवरखाली कोण राहते, याची तालुकावार यादी जनगणनेतच आहे. जिल्हा प्रशासनांनी ती आपत्ती प्राधिकरणाकडे पाठवावी, ही आमची पहिली मागणी आहे आणि ती पावसाळ्यापूर्वी पुरी होण्यासारखी आहे.

दुसरी मागणी कंपन्यांकडे. ग्राहकाने जोडणी घेताना जो अर्ज भरायचा, त्यात भाषेचा एक रकाना असावा, त्यात देशातील कोणतीही अनुसूचित भाषा लिहिता यावी, आणि पुढचे सर्व बोलणे त्या भाषेत व्हावे, मग क्रमांक कोणत्याही सर्कलचा असो. मराठी बोलणारे कर्मचारी त्याच कंपनीच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये आहेतच. फोन तिकडे वळविणे एवढेच काम आहे. खर्चाची सबब पुढे केली जाईल. ग्राहकाच्या फोनवर कोणते गाणे वाजवावे आणि कोणती जाहिरात दाखवावी हे ज्यांना अचूक कळते, त्यांच्या तोंडी ती शोभत नाही.

एक सबब मात्र खरी आहे. मराठीचा पर्याय जेथे मिळतो तेथेही मराठी ग्राहक इंग्रजीचे बटन दाबतो, आणि कंपनीच्या दप्तरी 'मराठीस मागणी नाही' अशी नोंद होते. म्हणून वाचकांस विनंती: फोनची भाषा मराठी करावी. ग्राहकसेवेत मराठी नसेल, तर मिळेल त्या भाषेत शांतपणे मराठीची मागणी नोंदवावी आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. तो देणे कंपनीस बंधनकारक आहे. उत्तर न पटल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, तिला शुल्क नाही. फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नये; तो बिचारा कुठल्या तरी गावातून आलेला, सांगितलेले वाक्य म्हणणारा असतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा साधा फोन वापरतात, त्यांनी नवा फोन घेताना दुकानातच मराठी आहे का ते पाहून घ्यावे, आणि नसल्यास दुकानदाराला कारण सांगून तो परत करावा. इंदूर, वडोदरा आणि हैदराबादच्या मंडळांनी आपापल्या सर्कलमधील तक्रार क्रमांक व तारखा जपून ठेवाव्यात. पाच सर्कलांमधील अशा नोंदी एकत्र करून ट्रायकडे एकच निवेदन पाठविण्याचा आमचा विचार आहे.