‘स्नेक’मधील उपमांचा क्रम

डी. एच. लॉरेन्सची ‘स्नेक’ ही कविता वर्गात बहुधा एका ठरीव सूत्राने शिकवली जाते : एकीकडे सहजप्रेरणा, दुसरीकडे शिक्षणाने दिलेला संस्कार आणि शेवटी पश्चात्ताप. हे सूत्र चुकीचे नाही. पण त्यात कवितेतला साप मात्र हरवतो.

‘बर्ड्‌स, बीस्ट्स अँड फ्लॉवर्स’ (१९२३) या संग्रहातील ही कविता सिसिलीतल्या ताओर्मिना येथील वास्तव्यातून आलेली आहे. जुलैचे ऊन, धुमसणारा एटना, पाण्याची दगडी डोणी आणि निवेदकाच्या आधीच तिथे पोचलेला साप. हातात भांडे घेऊन निवेदकाला थांबावे लागते. माणूस आणि वन्य जीव यांचे कवितेतले पहिले नाते हे असे पाणवठ्यावरच्या पाळीचे आहे.

आता उपमांचा क्रम पाहावा. पाणी पिणारा साप आधी गुरासारखा भासतो, मग शांतपणे आलेल्या पाहुण्यासारखा. तृप्त होऊन मान उचलतो तेव्हा देवासारखा. आणि ओंडका फेकल्यावर, तो दिसेनासा झाल्यावर, परागंदा राजासारखा. समोर असतो तेव्हा तो गुराच्या पातळीवर असतो. त्याचे राजेपण निवेदकाला जाणवते ते तो गेल्यावर. ओंडका फेकला जातो तोही साप पाठमोरा झाल्यावर. म्हणजे प्रश्न केवळ विषाच्या भीतीचा नाही. साप आपणहून त्या काळोख्या बिळात परततो आहे, हेच निवेदकाला सोसवत नाही. सापाच्या संथ हालचालीसोबत लांबत जाणाऱ्या ओळी येथे एकदम आखडतात. उरतात ती साधी, कोरडी क्रियापदे.

मग राजमुकुट ही केवळ भरपाई म्हणायची काय? माझ्या मते काही अंशी होय, आणि कवितेला ते ठाऊक आहे. म्हणूनच तिचा शेवट राजाच्या गौरवावर होत नाही, तर स्वतःच्या क्षुद्रतेच्या कबुलीवर होतो. कवितेचा प्रामाणिकपणा येथे आहे.

‘साप कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न आपण परीक्षेत विचारत आलो आहोत. साप पाणी पीत असतानाच तो विचारला, तर तोही एक ओंडकाच ठरतो. अर्थ लावण्याआधी पाळीत थांबणे, एवढे तरी वाचकाने या निवेदकाच्या पहिल्या क्षणांकडून शिकावे.