कोंडवाड्याची वही कोण बघतो?

पुरुषोत्तमनगरच्या पट्ट्यात ऊस, केळी, पपई उभी असली की मोकाट जनावर नजरेला नको वाटते. एका रात्रीत कोवळी लावण साफ! मग चार पोरं जमवून आपण ते कोंडवाड्यात घालतो. पुढे त्याचे काय झाले, हे कधी विचारलेत?

1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा जुना खरा, पण हिशेबाला पक्का. जनावरे किती, वर्णन काय, दिवस-वेळ कोणती, आणणारा कोण, धनी ठाऊक असल्यास कोण, हे सारे वहीत लिहायचे. आणणाऱ्याला नोंदीची नक्कल द्यायची. सात दिवसांत धनी आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे. मग गावात व जवळच्या बाजारात दवंडी, आणखी सात दिवस वाट, आणि मगच जाहीर लिलाव. त्यात पोलिसाने वा कोंडवाडा राखणाऱ्याने खरेदी करायची नाही. इंग्रज माणसं ओळखून होता म्हणायचा!

आता गोशाळांचे बघा. देशी गाईमागे रोज 50 रुपये अनुदान द्यायचे शासनाने 2024 मध्ये ठरवले. त्यासाठी कानात बारा आकडी बिल्ला हवा. बिल्ल्याने जनावर ओळखता येते. पण ते मेले, धन्याने नेले की दुसऱ्याला दिले, हे कुणी लिहिलेच नाही तर? मेलेली गाय कागदावर चारा खात राहील.

सरपंच, भाऊसाहेब, येत्या ग्रामसभेत वही टेबलावर ठेवा. आणि दादा, जनावर कोंडलेत तर नक्कल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. हरवलेला बैल हुडकत आलेल्या शेजाऱ्याला तोच कागद दाखवता येईल.