राजघाटाची बाग सांभाळायची कुणी? निगम, संस्था की दोघं मिळून?

बऱ्हाणपूर : दर पावसाळ्यात तापी चढते, राजघाटासमोरचा दगडी हत्ती पाण्याखाली जातो आणि पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळ उरतो. गाळ काढायला निगमची माणसं येतात, मंडळांची पोरं येतात, फोटोही निघतात. प्रश्न त्यानंतरच्या तीनशे दिवसांचा आहे. झाडाला पाणी कोण घालणार, तुटलेला बाक कोण बदलणार, रात्री लक्ष कोण ठेवणार?

राजघाट, वरचा शाही किल्ला आणि पलीकडे जैनाबादचा आहुखाना, हा सगळा पट्टा शहराचं मोठं उद्यान होऊ शकतो. आहू म्हणजे हरीण. मोगलांच्या काळात आहुखाना हे हरणांचं शिकार-उद्यानच होतं. 1631 मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचा देह आधी जैनाबादच्याच बागेत ठेवला होता. म्हणजे नदीकाठची बाग या गावाला नवी नाही. नवा आहे तो तिच्या खर्चाचा प्रश्न.

बांधायला पैसा, सांभाळायला नाही

सरकारी पैशाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. घाट बांधायला, दिवे लावायला, फरशी बसवायला योजना असते, टेंडर निघतं, नारळ फुटतो. माळ्याच्या पगाराला मात्र बहुतेक योजनांत रकानाच नसतो. तो बोजा निगमच्या तिजोरीवर येतो आणि तिथं पाणी, कचरा, रस्ते यांच्या रांगेत बाग शेवटी उभी असते.

साधा हिशोब मांडू. चार माळी, दोन चौकीदार, एक सफाईवाला अशी सात माणसं. प्रत्येकी महिन्याला 12 हजार धरले तर वर्षाचे 10 लाख 8 हजार होतात. रोपं, खत, वीज, मोटारदुरुस्ती आणि पुरानंतरचा गाळ हे वेगळंच. आकडा आभाळाएवढा नाही, पण दरवर्षी न चुकता हवा.

पुण्यात काय झालं

दुसऱ्या ठिकाणी हा प्रश्न संस्थांनी उचलला आहे. जवळचं उदाहरण पुण्याचं एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सजवळची ही 39 एकरांची बाग महापालिका चालवत नाही. ती चालवते 1830 मध्ये स्थापन झालेली 'ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही ना नफा तत्त्वावरची संस्था. जमीन सरकारची, कारभार संस्थेचा. प्रवेशाचं तिकीट, रोपवाटिकेतली विक्री आणि दरवर्षी 26 जानेवारीच्या सुमारास भरणारं पुष्पप्रदर्शन यांतून उत्पन्न येतं. जुने वृक्ष टिकले, शाळांच्या सहली येत राहिल्या.

पण या बागेलाही घोर लागलाच. काही वर्षांपूर्वी तिच्यातली काही एकर जागा सरकारी निवासस्थानांसाठी घेण्याचा प्रस्ताव आला होता. पुणेकरांनी कडाडून विरोध केला. यातून एक गोष्ट कळते. संस्था कितीही जुनी असो, जमिनीचा कागद पक्का नसेल तर बाग पक्की नसते. आणि कागद कमी पडतो तिथं माणसं उभी राहावी लागतात. ज्या बागेत लोकांचं येणंजाणं असतं, तिच्यासाठीच ती उभी राहतात.

दिल्लीचा धागा बऱ्हाणपूरशी

दिल्लीच्या हुमायूं मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी हे दुसरं उदाहरण. आगाखान ट्रस्ट फॉर कल्चर, केंद्रीय बांधकाम खातं, पुरातत्त्व विभाग आणि महापालिका यांनी 2007 मध्ये करार केला. 2018 मध्ये 90 एकरांचं उद्यान तिकीट लावून लोकांसाठी खुलं झालं. याच ट्रस्टनं जवळच्या अब्दुल रहीम खानखाना यांच्या मकबऱ्याचंही जतन केलं, तेही एका कंपनीच्या फाउंडेशनचा पैसा घेऊन. हेच ते रहीम, ज्यांच्या काळात 1615 मध्ये आपला कुंडी भंडारा उभा राहिला. 2024 मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. दिल्लीत रहीमच्या मकबऱ्याला पैसा मिळतो, तर त्यांच्या बऱ्हाणपूरसाठीही मागायला हरकत नसावी.

मात्र मोठ्या पैशाच्या भरवशावर बसू नये. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे सीएसआरचा दोन टक्के नियम 5 कोटी नफा, 500 कोटी निव्वळ मालमत्ता किंवा 1,000 कोटी उलाढाल यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनाच लागू होतो. आपला धंदा पावरलूमचा आणि केळीचा. बहुतेक धंदे घरगुती किंवा भागीदारीतले आहेत, ते या चौकटीत बसतच नाहीत.

पैसा देणारा मालक होतो का?

न्यूयॉर्कचं 843 एकरांचं सेंट्रल पार्क हे या पद्धतीचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. 1970 च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि पार्कची रया गेली. 1980 मध्ये नागरिकांनी 'सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी' स्थापन केली. 1998 मध्ये शहरानं तिच्याशी रीतसर करार केला. रखरखावाच्या खर्चाचा मोठा वाटा आज ती देणग्यांतून उभा करते. पार्कचे भाग पाडून एकेक भाग एकेका माळ्याच्या जबाबदारीवर दिला आहे, म्हणजे गवत वाळलं तर कुणाला विचारायचं हे ठरलेलं असतं. तरी जमीन शहराची आणि धोरणही शहराचंच. टीकाही आहे. 2012 मध्ये एका धनिकानं या एकाच पार्कला 10 कोटी डॉलर दिले, तेव्हा गरीब वस्त्यांतल्या बागांनी कुणाकडं बघायचं, असा सवाल उठला.

मुंबईत तर उलटंच झालं. महापालिकेनं मैदानं आणि बागा सांभाळायला संस्थांना दिल्या. काहींनी चांगलं काम केलं. काही ठिकाणी मात्र क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस फाटकाबाहेर राहिला. जानेवारी 2016 मध्ये दत्तक धोरण पुन्हा मंजूर झालं, तेव्हा इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली.

राजघाटासाठी अटी

घाटाला तिकीट लावता येत नाही. आषाढ शुद्ध सप्तमीची तापी जयंती, गणेश विसर्जन, पितरांचं पाणी, रोजचं स्नान, यांतल्या कशालाही फाटक चालणार नाही. मग करार करायचाच तर तो डोळे उघडे ठेवून करू या.

पहिली अट, जमीन निगमची, करार ठराविक मुदतीचा, आणि काम नीट नसेल तर परत घेण्याचं कलम त्यातच. दुसरी, घाट कायम मोफत. तिसरी, संस्था नोंदणीकृत असावी आणि तिच्या समितीत विणकर मोहल्ल्यातले, घाटावर पोट असणारे, जैनाबादचे लोक असावेत. फक्त देणगीदार नकोत. चौथी, जमाखर्च दर तीन महिन्यांनी घाटावरच फलकावर लावावा, मराठी, हिंदी आणि उर्दूत.

पाचवी अट निसर्गाची. पूर येणाऱ्या काठावर सिमेंटचे शोभेचे ढीग टिकत नाहीत. तिथं मुळं धरणारी झाडं, गवत आणि सहज धुऊन निघणारे दगडी बाक हवेत. शिवाय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. किल्ला घाटाच्या डोक्यावरच आहे. म्हणून नकाशा काढायच्या आधी पुरातत्त्व विभागाला बरोबर घ्यावं लागेल.

आणि पैसा? वर मांडलेले 10 लाख 8 हजार एक हजार घरांत वाटले तर घरटी महिन्याला 84 रुपये येतात. गाळ आणि वीज निगमनं उचलावी, माणसांचा पगार संस्थेनं. असा वाटा ठरला तर कुणीही दुसऱ्याकडं बोट दाखवू शकणार नाही. निगमचं पुढचं बजेट मांडलं जाईल तेव्हा आपल्या पार्षदाला एवढंच विचारा : राजघाटाच्या बांधकामाला किती आणि रखरखावाला किती? दुसरा आकडा कोरा असेल तर पहिल्यावर टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.